लहान मुलांस भारी किंमतीच्या भेटी द्याव्या काय?

(पॅरिशच्या जुबिलीनिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंतील व्याख्यान)



जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही जो विषय घेतला आहे, तो ऐकून कित्येकांस नवल वाटेल. देवालयाचा इतिहास, पूर्वजांचा विश्वास, धर्मगुरूंचे कष्ट असे थोर विषय समोर असतां मुलांच्या खेळण्यांविषयीं व दागिन्यांविषयीं बोलण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन असें कीं, देवालय दगडविटांचें असलें तरी पॅरिश ही माणसांची असते. आज जें मूल आईच्या कडेवर बसून मिस्सेस येतें, तेंच पुढील जुबिलीस या बांकांवर बसणार आहे. पैशाविषयीं, देण्याघेण्याविषयीं आणि देवाविषयीं पहिले संस्कार त्याच्या मनावर आम्ही कोणते करतों, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

आम्ही येथें मुख्यतः सातआठ वर्षांच्या आंतील मुलांविषयीं बोलणार आहों. त्यांच्या वाट्यास भेटींचे चार प्रसंग हटकून येतात: बाप्तिस्मा, वाढदिवस, नाताळ आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद. बाप्तिस्म्यास सोन्याची साखळी, वाढदिवसास विजेवर चालणारी मोटार, नाताळास मोबाईल, आणि ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीं मांडव, मेजवानी व पाकिटें, असा क्रम पुष्कळ घरीं पडून गेला आहे. ज्यास झेपतें तो सहज करतो. ज्यास झेपत नाहीं तो हप्त्यांनीं करतो. क्वचित् घरांतील दागिना गहाण ठेवूनही करतो. तेव्हां हें कितपत योग्य, याचा शांतपणें विचार करूं या.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. देणें हा दोष नव्हे. मूल भाकर मागत असतां बाप त्याच्या हातावर धोंडा ठेवीत नाहीं, हा दाखला खुद्द प्रभूनें दिला आहे. आणि लेकरांस चांगल्या वस्तू देण्याची बुद्धि आईबापांस असते, हें त्यानें गृहीतच धरलें आहे. तेव्हां कंजूषपणास धर्माचें नांव देण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रश्न एवढाच कीं, चांगली वस्तु आणि महाग वस्तु या दोन्ही एकच काय?

दोन वर्षांच्या मुलास रुपया म्हणजे काय हें ठाऊक नसतें. मोठ्या कौतुकानें आणलेलें खेळणें बाहेर काढावें, आणि मुलानें तें बाजूस सारून रिकाम्या खोक्यांत बसून गाडी गाडी खेळावें, हा प्रकार घडला नाहीं असें घर विरळा. यांत मुलाचें कांहीं चुकत नाहीं. खोकें आज गाडी होतें, उद्यां होडी होतें, परवां घर होतें. कळ दाबतांच नाचणारें खेळणें मात्र दररोज तेंच नाचतें, आणि मुलास केवळ प्रेक्षक करून ठेवतें. अमेरिकेंतील टोलेडो विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत ३६ लहान मुलांचें निरीक्षण आहे. मुलांपुढें एके वेळीं ४ खेळणीं ठेविलीं व दुसऱ्या वेळीं १६. चार खेळणीं असतां मुलें प्रत्येक खेळण्याशीं अधिक वेळ रमलीं, आणि तेंच खेळणें निरनिराळ्या तऱ्हांनीं वापरूं लागलीं. आमच्या आज्या जें अनुभवानें जाणत होत्या, तेंच येथें मोजून दाखविलें आहे. चार बोळकीं आणि एक चिंध्यांची बाहुली एवढ्यावर भातुकलीचा संसार दुपारभर चालत असे.

मग ती मोठी किंमत कोणासाठीं? मूल किंमतीची चिठ्ठी वाचत नाहीं. ती सोयरेधायरे वाचतात, शेजारी वाचतात. पुष्कळदां भेट मुलाच्या हातांत असते, पण ती दिलेली असते मोठ्यांच्या डोळ्यांस. एवढें ओळखलें म्हणजे अर्धा प्रश्न सुटला.

पवित्र शास्त्रांत मुलास दिलेल्या दोन वस्त्रांच्या हकीकती आहेत. त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३७ व्या अध्यायांत याकोब आपल्या लाडक्या योसेफास एक विशेष झगा करून देतो. योसेफ तेव्हां सतरा वर्षांचा होता, तान्हा नव्हता. परंतु आईबापांनीं घ्यावयाचा धडा तोच. बापाची प्रीति खरी होती. मात्र ती एका वस्त्रावर इतकी ठळक उमटली कीं, आपल्या वाट्यास कांहीं उरलें नाहीं, असें इतर भावांस दिसूं लागलें. पुढें त्याच भावांनीं तो झगा बकऱ्याच्या रक्तांत बुडवून बापापुढें ठेविला. ज्या घरीं दोन मुलें आहेत, त्या घरीं एकाच्या भेटीची किंमत दुसराही मोजीत असतो, हें विसरूं नये.

दुसरें वस्त्र शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. हन्नेनें नवसानें मिळालेला मुलगा शिलो येथें देवाच्या सेवेस दिला. दरवर्षीं नवऱ्यासह यज्ञासाठीं तेथें जातांना ती त्याच्यासाठीं एक लहानसा झगा स्वतः करून नेई. मुलगा वर्षभरांत किती उंच झाला असेल, बाही किती लांब ठेवावी, याचा अंदाज त्या माउलीला घरीं बसूनच बांधावा लागला असेल. त्या झग्याची किंमत शास्त्रांत दिलेली नाहीं. तो कोणीं केला एवढेंच दिलें आहे. पहिल्या झग्यानें घर फुटलें. दुसऱ्यानें दूर असलेलें मूल आईशीं बांधलेलें राहिलें. दोन्ही भेटी प्रीतीच्याच होत्या. भेद एवढाच कीं, एक मुलास इतरांहून उंच दाखविण्यास दिली, आणि दुसरी मुलाच्या मापानें बेतली.

येथें कोणी म्हणेल, पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनीं बाळ येशूस सोनें दिलें नाहीं काय? दिलें. परंतु ती राजास केलेली वंदना होती. लाडाचें खेळणें नव्हतें. त्याच बाळाच्या आईबापांनीं काय आणलें, तें संत लूकनें नमूद केलें आहे. मंदिरांत बाळास अर्पण करतांना त्यांनीं दोन पक्ष्यांचा यज्ञ केला. लेवीयाच्या १२ व्या अध्यायाप्रमाणें ज्या आईस कोंकरूं आणण्याची ऐपत नसे, तिच्यासाठीं ही सवलत होती. पवित्र मरियेनें व संत योसेफानें ती सवलत न लाजतां घेतली. लोक काय म्हणतील, या भयानें त्यांनीं ऐपतीबाहेरचें कोंकरूं आणलें नाहीं. देवाच्या पुत्राच्या घरीं जें शोभलें, तें आमच्या घरीं कां शोभूं नये?

आतां प्रथम ख्रिस्तप्रसादाकडे येऊं. १९१० सालच्या ऑगस्टच्या ८ तारखेस, संत पायस दहावे यांच्या कारकीर्दींत, 'क्वाम सिंग्युलारी' हें फर्मान निघालें. त्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं मुलांस दहा, बारा, क्वचित् चौदाव्या वर्षापर्यंत थांबविलें जाई. फर्मानानें ठरविलें कीं, सुमारें सातव्या वर्षीं, समज येतांच, मुलास प्रभूजवळ येऊं द्यावें. साधी भाकर आणि ही पवित्र भाकर यांतील भेद त्यास आपल्या वयाप्रमाणें कळावा. हाच भेद शिकविण्यासाठीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिक्षक एवढे झटतात. आणि संध्याकाळीं मांडवांत आम्ही त्याच मुलास विचारतों, "पाकिटें किती आलीं रे?" दिवसाचें मोल कशांत आहे, हें त्यास अशा वेळीं वेदीपेक्षां मेजावरून अधिक कळतें.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. त्याच वर्गांत, त्याच पांढऱ्या पोशाखांत, मोलमजुरी करणाऱ्याचें मूलही उभें असतें. आम्ही थाट वाढविला म्हणजे न बोलतां त्या बापावर कर बसविला. तो हातउसने काढतो, पण मुलास मित्रांत खालीं पाहूं देत नाहीं. कांहीं आईबाप तर जमत नाहीं म्हणून संस्कारच पुढील वर्षावर ढकलूं पाहतात. प्रभूजवळ येणाऱ्या लेकरांस अडवूं नका, अशी ताकीद शिष्यांस मिळाली होती. आमच्या मेजवान्यांनीं त्यांस अडविलें, तर ती ताकीद आम्हांसही लागू आहे.

आज आपण जुबिली साजरी करीत आहों, तिचा मूळ अर्थही येथें स्मरावा. लेवीयाच्या २५ व्या अध्यायांत पन्नासावें वर्ष हें सुटकेचें वर्ष सांगितलें आहे: विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळे, आणि गरिबीनें स्वतःस विकलेला बांधव मोकळा होई. ज्या सणाचें नांवच सुटका, त्या सणाच्या पॅरिशमध्यें मुलाच्या आनंदासाठीं बाप कर्जांत अडकावा, हें विपरीत होय.

नवीन काळाच्या भेटींविषयीं दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांप्रमाणें दोन वर्षांच्या आंतील मुलास पडद्यापुढें मुळींच बसवूं नये. दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकांठीं एक तासाहून अधिक वेळ बसवूं नये, कमी असेल तितकें बरें. मग ज्या वस्तूपासून मुलास दूर ठेवावयाचें, तीच त्याच्या नांवें विकत आणण्यांत काय शहाणपण? खेळण्यांच्या बाबतींतही महाग म्हणजे निर्धोक असें नाहीं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचें झालें आहे. तें पाहून घ्यावें. सुटणारे बारीक भाग आणि बटणाएवढ्या बॅटऱ्या तान्ह्यांच्या हातीं लागूं देऊं नयेत. सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं आजही मिळतात; तीं हातांत धरावयास बरीं, आणि त्यांनीं कारागिराच्या घरीं चूलही पेटते.

यावर दोन आक्षेप येतात, व ते आदरानें ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा: "आम्हांस लहानपणीं कांहीं मिळालें नाहीं, निदान आमच्या मुलांस तरी मिळूं द्या." या बोलण्यामागें जुनी जखम असते, तिला कोणी हंसूं नये. परंतु आपल्या बालपणाची उणीव मुलाच्या हातांत वस्तू कोंबून भरत नाहीं; कारण ती भूक मुलाची नसते. दुसरा आक्षेप आखातांत किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्या बापाचा: "आम्ही जवळ नसतों, भेट तरी पाठवूं नये काय?" अवश्य पाठवावी. ती हन्नेच्या झग्याच्या जातीची आहे. मात्र भेटीबरोबर पत्र असावें, ठरल्या वेळीं आवाज ऐकूं यावा, संध्याकाळच्या जपमाळेंत बापाचें नांव घेतलें जावें. भेटीनें बापाची आठवण द्यावी. बापाची जागा घेऊं नये.

कांहीं महाग भेटी योग्यही असतात. मुलास कमी दिसत असेल तर चष्मा, आजारपणांत लागणारें साधन, शाळा दूर असल्यास मोठेपणीं सायकल, गाण्याची खरी ओढ वर्षभर टिकलेली दिसली तर व्हायोलिन, यांसाठीं पोटास चिमटा घेतला तरी तो खर्च वायां जात नाहीं. सोनें द्यावयाचेंच असेल तर तें तान्ह्याच्या गळ्यांत न घालतां त्याच्या नांवें ठेवावें. दहा वर्षांखालील मुलीसाठीं २०१५ सालीं सुरू झालेली सुकन्या समृद्धि योजना आहे. वर्षास किमान २५० रुपये भरूनही खातें चालतें. धर्मपित्यानें किंवा धर्ममातेनें साखळीऐवजीं त्या खात्यासाठीं आईबापांकडे पैसे दिले, तर मुलगी शिकावयास निघेल तेव्हां तिला त्यांचें स्मरण होईल.

आमच्या सूचना थोडक्यांत अशा. कर्ज काढून भेट देऊं नये. आजीआजोबांनीं व आप्तांनीं मोठी वस्तु आणण्यापूर्वीं आईबापांस विचारावें. एका मुलास देतांना दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावें. ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीं सर्व मुलांस पॅरिशतर्फे एकसारखी जपमाळ व प्रार्थनापुस्तक मिळावें, आणि घरगुती समारंभ घरच्याच माणसांत व्हावा. दर नाताळास मुलास एक नवी वस्तु मिळाली कीं त्यानें आपली एक चांगली, न मोडलेली वस्तु स्वतःच्या हातानें दुसऱ्या मुलास द्यावी. मोडकी वस्तु देणें म्हणजे देणें नव्हे, टाकणें होय. हा भेद मुलांस लवकर कळतो.

शेवटची विनंति. पुढील वर्षीं ज्यांचीं मुलें प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणार आहेत, त्यांनीं सभेनंतर थोडा वेळ थांबावें, आणि समारंभाची मर्यादा सर्वांनीं मिळून ठरवावी. एकट्यानें साधेपणा धरला तर लोक त्यास कंजूष म्हणतील. सर्वांनीं धरला तर ती पॅरिशची रीत होईल, आणि गरीब बापास मान वर करून आपलें मूल वेदीजवळ नेतां येईल. जुबिलीची याहून चांगली भेट आमच्या मुलांस देतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं. पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद आपणां सर्वांच्या घरांवर असो.