काट्यावरचा आकडा आणि कमरेचे माप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मधुमेहाचा विषय निघाला की आपल्या सोलापुरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, मग हा साखरेचा आजार आला कोठून?” आज मी एवढ्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

डॉक्टर वजन आणि उंची घेऊन एक आकडा काढतात. त्याला बी. एम. आय. किंवा शरीरभार निर्देशांक म्हणतात. नाव अवघड, पण गणित सोपे. किलोतल्या वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. दीड मीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच उंचीची बाई घ्या. दीड गुणिले दीड सव्वादोन. तिचे वजन ५४ किलो असेल, तर निर्देशांक २४ आला.

हा हिशेब बेल्जियममधील क्वेटले या गणितज्ञाने १८३२ च्या सुमारास मांडला. ते वैद्य नव्हते. समाजातला ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे त्यांना पाहावयाचे होते. आजचे नाव १९७२ साली अमेरिकेतील अँसेल कीज यांनी दिले. शरीरात स्नायू किती आणि मेद किती, हे मात्र हा आकडा सांगत नाही, आणि आपली फसगत होते ती येथेच.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. दोघेही दिसायला सडपातळ. पण मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्या अंगात तो ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाला! हे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह छापून आले.

याचे मूळ फार मागे आहे. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या माता कृश होत्या, बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर. इंग्लंडमधील साउदम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे हातपाय बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालचा मेद त्या मानाने राखलेला. पोटात असताना अन्नाची ओढाताण झाली की शरीर मेद जपून ठेवते, असे या मंडळींचे म्हणणे आहे. पुढे सुबत्ता आली, बैठे काम आले, की तो मेद पोटात व यकृतात साठतो आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो. मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे पाहुणे एकामागून एक येतात.

म्हणूनच इतरत्र २५ पासून वजन जास्त धरतात, तर आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली ती रेघ २३ वर आणली आणि २५ पासून स्थूलता मानली. आपली मघाची ५४ किलोची बाई या रेघेच्या पुढे गेलीच की! वजन फार वाढले, तर गुडघे दुखतात, पित्ताशयात खडे होतात, पाळी अनियमित होते. पाळी गेल्यानंतर स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

पण भगिनींनो, १८.५ च्या खालची बाजूही तितकीच महत्त्वाची. आपल्या पूर्व भागात दिवसभर बसून विड्या वळणारी, सर्वांना वाढून उरेल ते खाणारी बाई कृश असते. तिला पंडुरोग, तिचे बाळ कमी वजनाचे. लग्न ठरले म्हणून मुलीला उपाशी ठेवणाऱ्या आयांचा मला रागच येतो. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर द्या. शेंगाचटणी सोडा असे मी सोलापुरात सांगण्याचे धाडस करणार नाही. चमचा लहान घ्या, इतकेच.

आता मापाचे. शिवणवर्गातली टेप घ्यावी. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावे. बायकांचे माप ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांचे ९० सेंटिमीटर याच्या आत असावे. जास्त भरले, तर काटा काहीही म्हणो, रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. घरातल्या सडपातळ मंडळींनाही टेप लावावी. कार्यक्रम संपल्यावर काटा व टेप येथेच टेबलावर ठेवली आहे. आकडा प्रत्येकीने आपल्या वहीत लिहावा. शेजारणीच्या वहीत डोकावू नये.