पडदा नसताना कायदा सांगायचा कसा?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. पोस्टर, पथनाट्य, शिबिरे आणि पुढे संगणकावरच्या स्लाइड अशा अनेक मार्गांनी आपण तो बायकांपर्यंत नेत आलो. आता निवेदन भरलेल्या या स्लाइडचा पॉडकास्ट, म्हणजे फोनवर हवा तेव्हा ऐकता येईल असा कार्यक्रम, करायची मागणी येते आहे. मागणी योग्य आहे. शिलाई मशीनवर बसलेली किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई पडद्याकडे पाहत बसू शकत नाही, पण ऐकू शकते. वाचता न येणारीलाही ऐकता येते.

तांत्रिक बाजू आधी सांगते, कारण भीती तिचीच वाटते. पॉवरपॉइंटमधल्या सादरीकरणाचा व्हिडिओ करून घ्यायचा. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅमला एफएफएमपेग हे जोडसाधन बसवले की त्या व्हिडिओतला आवाज वेगळा काढता येतो. तो मोनो एमपी-थ्रीमध्ये, ६४ केबीपीएसवर साठवला तर दहा मिनिटांचा भाग पाच एमबीच्या आत बसतो. एक लक्षात ठेवा: स्लाइड बदलत असतानाच्या क्षणी बोललेले पॉवरपॉइंट टिपत नाही. त्यामुळे सांध्यांवरचे शब्द गळतात. तिथे कान देऊन तपासा.

हे एका दुपारचे काम आहे. पण हाती येतो तो चित्रे काढून घेतलेला स्लाइड-शो. त्याचा कार्यक्रम करायचा तर निवेदन पुन्हा लिहावे लागते.

'इथे दाखवल्याप्रमाणे अर्ज पुढे जातो' असे आपण बाणाकडे बोट दाखवून म्हणतो. ऐकणारीला बाण दिसत नाही. तिला सांगायला हवे : 'अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. तुमच्या वतीने संरक्षण अधिकारी किंवा दुसरी कोणी व्यक्तीही करू शकते. अर्ज मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जातो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आतली असावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बरेचदा जास्त वेळ लागतो.' हे शेवटचे वाक्य स्लाइडवर नसते. शिबिरात कोणीतरी विचारते, मग आपण सांगतो. फोनवर विचारायला कोणी नाही, म्हणून ते आधीच सांगायचे. 'पीडित महिला' हा शब्द काढून 'तुम्ही' म्हणा. १८१ हा हेल्पलाइनचा आकडा 'एक, आठ, एक' असा सावकाश, दोनदा उच्चारा.

दुसरी गोष्ट तारखेची. सासूसासऱ्यांच्या नावावरच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क सांगता येतो का? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर संकुचित निकाल दिला होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्याच न्यायालयाने तो बाजूला सारला. सून तिथे नांदत असेल तर घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यावरून हक्क नाकारता येत नाही. मात्र प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती पाहिली जाते. जुन्या स्लाइडचा आवाज तसाच उचलला, तर चुकीचा कायदा फोनाफोनी पसरेल आणि एखादी घर सोडून बसेल. स्लाइड आपल्याकडे असते, दुरुस्त करता येते; पुढे पाठवलेला आवाज परत बोलावता येत नाही. म्हणून प्रत्येक भागात ध्वनिमुद्रणाचा महिना आणि वर्ष बोलून सांगा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरात एकच फोन असतो आणि तो नवऱ्याच्या, मुलाच्या हाती जातो. म्हणून भागाचे नाव आणि चित्र यांत छळ, मारहाण, पोलीस हे शब्द नकोत. बाईला विचारल्याशिवाय तिच्या फोनवर काही पाठवू नका. तिला सोयीचे नसेल तर बचत गटाच्या बैठकीत एकत्र ऐकवा.

आणि ज्यांचे अनुभव आपण वापरतो त्यांचे काय? स्लाइडवर चेहरा झाकला की भागते. आवाजाला बुरखा नाही. गावातले माणूस दोन वाक्यांत ओळखते. तिचे शब्द दुसऱ्या मैत्रिणीने वाचावेत, गाव आणि नातीगोती बदलावीत. शिबिरातल्या चाळीस बायकांसमोर सांगायला दिलेली परवानगी जगभर ऐकू जाण्यासाठी दिलेली नसते. ती पुन्हा मागावी लागते, आणि तिने नाही म्हटले तर तो अनुभव गाळायचा.

तेव्हा आज गटात बसाल तेव्हा स्लाइडचा संच लावा आणि पडद्याकडे पाठ करून बसा. जिथे मान वळवावीशी वाटेल ते वाक्य लिहून घ्या. संध्याकाळच्या सत्रात ती वाक्ये आपण मिळून पुन्हा लिहू.