किआंगान : भाताच्या पायऱ्यांचं गाव
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



विषय कळवला तेव्हा आपल्या चिटणीसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. फिलिपिन्समधलं गाव? गणपतीत? हो. माझी सगळी नोकरी कृषी खात्यात, तीही भातात गेली. १९८७ साली प्रशिक्षणासाठी लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत होतो. आपले डॉ. स्वामिनाथन तेव्हा तिथे महासंचालक होते. कमी दिवसांत जास्त पिकणारी वाणं आम्ही शिकत होतो. जुलैत चार दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा एका सहकाऱ्याबरोबर रात्रभर बसमध्ये बसून उत्तर लुझोनच्या डोंगरात, त्याच्या गावी गेलो. ते हे किआंगान.

कागदोपत्री ही इफुगाओ प्रांतातली नगरपालिका; पण तिथे नगर शोधू नका. निवडून आलेला महापौर आहे, खाली बारांगाय, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी एककं. बाजार, चर्च, शाळा एका जागी आणि बाकी वस्ती डोंगरउतारावर, खाचरांच्या कडेनं विखुरलेली. बोली तुवाली. दुसऱ्या महायुद्धात जपानी सेनापती यामाशिता २ सप्टेंबर १९४५ रोजी इथेच शरण आला. पर्यटक ती जागा बघतात, फोटो काढतात आणि पुढे बानाउएला जातात.

खरं बघायचं ते नागाकादानला. दगडामातीच्या ताली रचून डोंगर पायापासून वरपर्यंत पायऱ्या पायऱ्यांचा केलेला, प्रत्येक पायरीवर भाताचं खाचर. माथ्यावर झाडी, तिला मुयोंग म्हणतात. ही आपल्यासारखी देवराई नव्हे. घराघराची मालकीची राई. ती पावसाचं पाणी धरते आणि ते हळूहळू खालच्या खाचरांत उतरतं. राई तुटली की खालची शेती गेली, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

या पायऱ्या दोन हजार वर्षांच्या, असं आम्हाला सांगितलं होतं. पुढे २०१२ पासून जुन्या किआंगान वस्तीत उत्खनन झालं, तेव्हा संशोधकांनी निराळं मांडलं : आधी तिथे अळकुड्या पिकत, पाण्यातला भात आला तो साधारण चारशे वर्षांपूर्वी, स्पॅनिश सत्तेच्या दबावाच्या काळात. मला हे जास्त भावतं. शे-दोनशे वर्षांत एवढा डोंगर उभा करायचा म्हणजे माणसांची केवढी एकजूट लागली असेल!

भात तिनावोन, म्हणजे वर्षातून एकदाच येणारा. लहान सुरीनं एकेक लोंबी खुडतात आणि पेंढ्या बांधतात. कापणीच्या वेळी बायका हुधुद म्हणतात. एक वयस्क बाई पुढे सुरू करते, बाकीच्या साथ देतात. संपूर्ण गायचं तर दिवसच्या दिवस लागतात. मला एक शब्द कळला नाही, पण बांधावर बसून दुपारभर ऐकत राहिलो. युनेस्कोनं २००१ साली या गाण्यांचा गौरव केला. त्याच वर्षी त्याच संस्थेनं या पायऱ्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातल्या! त्या १९९५ साली जागतिक वारसा झाल्या होत्या. धोक्याच्या यादीतून निघाल्या २०१२ मध्ये.

धोका कुठला? गोगलगायी म्हणाल तर होत्याच. ऐंशीच्या दशकात खाण्यासाठी म्हणून बाहेरून आणलेल्या मोठ्या गोगलगायी खाचरांत सुटल्या आणि कोवळी रोपं फस्त करू लागल्या. पण मुख्य अडचण माणसांची. इफुगाओंत खाचरं थोरल्या अपत्याकडे जातात, मुलगा असो वा मुलगी. धाकटी बाहेर पडतात, ते समजण्यासारखं. आमच्या यजमानांच्या घरी मात्र थोरलाच बाग्विओ शहरात नोकरीला गेला होता. त्याची एक ताल महिनाभरापूर्वी ढासळलेली, आणि वरच्या खाचराचं पाणी तिच्यावरून वाहत होतं.

रात्री जेवताना त्याच्या आईनं दुभाष्या मुलाकरवी मला विचारलं, तुमचा भात किती दिवसांत येतो? मी अभिमानानं सांगितलं, एकशे दहा. वर्षात दोन पिकं! तिनं शांतपणे विचारलं, मग ताली कधी दुरुस्त करायच्या? भात नसतो तेव्हाही खाचरात पाणी ठेवावं लागतं, नाही तर माती वाळून ताल फुटते. दुसऱ्या पिकासाठी सारखं पाणी काढायचं-भरायचं, आणि घरात हात दोन! माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. प्रशिक्षणातल्या एकाही तक्त्यात दुरुस्तीच्या दिवसांचा रकाना नव्हता, हे मला तेव्हा प्रथम लक्षात आलं.

सकाळी शेजारची बारा-पंधरा माणसं कुदळी घेऊन आली. याला ते उब्बू म्हणतात, आपल्याकडची सावड. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मीही पँट दुमडून उतरलो. दगड वाहिले, मोठ्या उत्साहानं दोन दगड तालीत बसवलेसुद्धा. पलीकडून एक म्हातारा आला, काही बोलला नाही. माझे दोन्ही दगड त्यानं काढले, उलटे केले, पुन्हा बसवले, टाचेनं ठोकले आणि मला हातानं खूण केली : तू नुसती माती दे.

संध्याकाळपर्यंत मी माती देत होतो. अंधार पडता पडता ताल उभी राहिली, आणि वरचं पाणी पुन्हा आपल्या पाटानं जाऊ लागलं.