हे पत्र कोणासाठी लिहिलंय?

(मूकनायक दिनानिमित्त रायपूर येथे मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. पत्रकारिता किंवा इंग्रजी शिकलेल्यांनी ब्रिटिश वर्तमानपत्रांविषयीचा तो ठरावीक धडा वाचला असेल. एकीकडे ‘टाइम्स’सारखी मोठ्या पानांची पत्रं. त्यांत लांब वाक्यं, संसद, परराष्ट्र धोरण. वाचक सुशिक्षित आणि खाऊनपिऊन सुखी घरचा. दुसरीकडे ‘मिरर’, ‘सन’सारखी छोट्या पानांची पत्रं. त्यांत जाड मथळे, मोठे फोटो. वाचक बहुतेक कामगार. 2004 मध्ये ‘टाइम्स’नेही छोटा आकार घेतला, पण भाषेतला फरक राहिलाच. वाचकाचा वर्ग बदलला की पत्राची भाषा बदलते, हे त्या धड्याचं सार. ते खरंच आहे. पण आपल्याकडे वर्गाच्या जागी जात ठेवून हा धडा कोणी शिकवत नाही. आज तेवढं करू.

सुरुवात छत्तीसगडपासून. 1900 साली माधवराव सप्रे यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. सप्रे मराठी भाषक ब्राह्मण. 1901 मध्ये या मासिकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदार एका गरीब विधवेची झोपडी बळकावतो. ती तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. ती त्याला उचलत नाही. शेवटी तो शरमतो आणि झोपडी परत करतो. कथा चांगलीच आहे. पण विधवेला न्याय मिळतो तो जमीनदाराचं मन पालटल्यामुळे. मग कथा बोलते कोणाशी? ज्याचं मन पालटायचं आहे, त्याच्याशी. विधवा कथेचा विषय आहे. वाचक म्हणून ती कुठेच धरलेली नाही.

टिळकांच्या मंडळींनी 1881 मध्ये एकाच वेळी दोन पत्रं सुरू केली. ‘मराठा’ इंग्रजीत, राज्यकर्त्यांना आणि इंग्रजी शिकलेल्यांना ऐकवण्यासाठी. ‘केसरी’ मराठीत. पुढे 1907 मध्ये सप्र्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढून तेच विचार हिंदीत नेले. म्हणजे प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळं पत्र काढण्याची सोय या वर्गाकडे होती. आपल्याकडे? त्याच नागपुरात किसन फागुजी बनसोडे ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रं काढत होते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ चालवत होते. इच्छा होती, लेखणी होती. पैसा आणि वर्गणीदार मात्र तुटपुंजे.

बाबासाहेबांनी वाचक ओळखून लेखणी कशी बदलली, ते पाहा. जानेवारी 1919 मध्ये त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक महार’ या नावाने स्वराज्याच्या मागणीवर पत्र लिहिलं. ते इंग्रजीत होतं, कारण ते सत्तेला ऐकवायचं होतं. वर्षभराने, 31 जानेवारी 1920 रोजी, शाहू महाराजांच्या मदतीने ‘मूकनायक’ निघालं. ते मराठीत, कारण आता बोलणं आपल्या माणसांशी होतं. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी एकेका जातीचं हित पाहणाऱ्या पत्रांना बोटीचा दाखला दिला. दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणाराही शेवटी त्याच बोटीबरोबर बुडतो. दाखला असा की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही एकदा ऐकून कळावा.

इथे तो ब्रिटिश धडा अपुरा पडतो. तो खप मोजतो, वाचकसंख्या मोजतो. आपल्या पत्रांना तिसरी गोष्ट होती: ऐकणारे. वस्तीतला एखादा शिकलेला पोरगा वाचायचा आणि भोवती बसलेले ऐकायचे. पण ऐकणाऱ्यांची वर्गणी येत नाही, जाहिरातदार त्यांना गिऱ्हाईक मानत नाही. म्हणून ‘मूकनायक’ थोड्याच वर्षांत थांबलं. 1927 मध्ये महाडनंतर निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागले, तेही 1929 मध्ये बंद पडलं. वाचक कमी पडले म्हणून ही पत्रं बंद पडली, असं म्हणणं सोपं आहे. ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्या हाती पैसा आणि अक्षर येऊच दिलं गेलं नव्हतं, हे त्यातलं कारण.

आज अक्षर आपल्या हाती आलंय. म्हणून कोणतंही वर्तमानपत्र उघडलं की तीन गोष्टी पाहा. जाहिराती कोणाच्या खिशाला उद्देशून आहेत? अग्रलेखातल्या ‘आपण’मध्ये आपण आहोत का? आणि आपली वस्ती पानावर येते ती फक्त अत्याचाराच्या बातमीतच येते का?

हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारते. माझा प्रबंध इंग्रजीत आहे. तो तपासणारे दोघे-तिघे सोडले तर अख्खा कोण वाचेल, सांगता येत नाही. ज्या बायांनी माझ्यासमोर आपलं आयुष्य उलगडलं, त्यांना तो वाचता येणार नाही. त्या माझा विषय झाल्या, वाचक झाल्या नाहीत. सप्र्यांच्या कथेतल्या विधवेसारख्याच. इंग्रजी सोडा, असं मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनीही सोडली नाही. त्यांनी दोन्हीकडे लिहिलं. आपणही इंग्रजीत लिहिलेल्या दहा पानांमागे एक पान असं लिहू, जे घरी मोठ्याने वाचून दाखवता येईल. आई मध्येच थांबवून ‘म्हणजे काय गं?’ म्हणाली, तर ते वाक्य पुन्हा लिहू.

जय भीम.