तुटलेली तार आणि खोटा आदेश



कारखान्याच्या नियंत्रणकक्षात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसाला यंत्रांच्या घरघरीपेक्षा तेथील बोलीच अधिक परकी वाटते. पीएलसी, लॅडर, रजिस्टर, मास्टर, स्लेव्ह, स्काडा! ही अभियंत्यांची खासगी मिरास समजून इतरांनी तिच्याकडे पाठ फिरवावी, असे दिवस आता राहिलेले नाहीत. जलशुद्धीकरण केंद्रे, वीज उपकेंद्रे, दूधप्रकल्प, औषधांचे कारखाने यांचे व्यवहार याच शब्दांनी चालतात. आणि त्यांच्या निविदा मंजूर करणारे बहुसंख्य लोक अभियंते नसतात.

या परिभाषेचा जन्म अमेरिकेतील मोटार-उद्योगात झाला. विद्युतचुंबकाने उघडझाप करणाऱ्या स्विचला 'रिले' म्हणतात. असे शेकडो रिले कपाटांत तारांनी जोडून यंत्रांना क्रम शिकवला जाई. गाडीचे नवे प्रारूप आले की त्या तारा उपसून पुन्हा जोडायच्या! १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने यावर उपाय मागितला. डिक मॉर्ले आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधील सहकाऱ्यांनी जो नियंत्रक घडवला, तो 'मॉडिकॉन ०८४'. तो त्या मंडळींचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून ०८४. तार न बदलता केवळ आज्ञावली बदलून यंत्राचा क्रम बदलता येऊ लागला. प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी, तो हाच.

येथे एक शहाणपण दिसते. कारखान्यातील वायरमनला संगणकाची भाषा येत नव्हती, पण रिलेचा नकाशा त्याला तोंडपाठ होता. दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या. म्हणून आज्ञावलीची भाषाही शिडीच्या रूपातच घडवली गेली. 'लॅडर' या शब्दाचे मूळ तेथे आहे. नियंत्रक आधी सर्व इनपुट वाचतो (बटण, टाकीतील तरंगता स्विच), मग शिडी वरून खाली सोडवतो, मग आउटपुटना (पंप, झडपा) आदेश देतो आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. या एका फेरीला 'स्कॅन' म्हणतात. ती काही मिलिसेकंदांत पुरी होते.

आता दोन शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण या विद्येचा स्वभाव त्यांत दडलेला आहे. 'सुरू'चे बटण 'नॉर्मली ओपन' असते. दाबले की जोड होतो. 'बंद'चे बटण मात्र उलट, 'नॉर्मली क्लोज्ड'. त्यातून प्रवाह सतत वाहत असतो आणि दाबले की तो तुटतो. नवशिक्याला हा उरफाटा कारभार वाटतो. पण समजा, बंदच्या बटणाची तार उंदराने कुरतडली. ते बटण 'नॉर्मली ओपन' असते, तर तार तुटल्याचे कोणालाच कळले नसते. कामगाराचा हात यंत्रात अडकला, शेजाऱ्याने धावत जाऊन बटण दाबले, आणि काहीच घडले नाही, तेव्हाच ते उमगले असते! 'नॉर्मली क्लोज्ड'मध्ये तार तुटली की यंत्र आपोआप थांबते. शंका आली की थांबावे, हा त्यामागील विचार.

दुसरा शब्द 'चार ते वीस मिलिअँपिअर'. टाकी रिकामी असेल तर मापक ४ मिलिअँपिअर प्रवाह पाठवतो, अर्धी असेल तर १२, भरली की २०. शून्यापासून का नाही? कारण शून्य आले, तर टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हे कसे कळणार? म्हणून रिकामेपणालाही ४ ची खूण दिली. येथे मौन म्हणजे बिघाड, हे आधीच ठरलेले आहे.

तुटणाऱ्या तारेचा इतका बारीक विचार करणाऱ्या या विद्येने खोट्या बोलणाऱ्याचा विचार मात्र केला नव्हता. १९७९ साली मॉडिकॉनने नियंत्रकांनी परस्परांशी बोलण्यासाठी 'मॉडबस' हा संकेत आणला. त्यात एक मास्टर, आणि पत्ते दिलेले जास्तीत जास्त २४७ स्लेव्ह. स्लेव्ह स्वतःहून बोलत नाही; विचारले तरच उत्तर देतो. त्याच्या पोटात 'रजिस्टर' नावाचे कप्पे असतात, आणि प्रत्येकात ० ते ६५,५३५ पर्यंतचा एक आकडा मावतो. आज्ञा क्रमांक ३ म्हणजे कप्पा वाच, क्रमांक ६ म्हणजे कप्प्यात लिही. वाटेत विजेच्या गोंगाटाने निरोप बिघडला तर तो ओळखण्याची सोय आहे. निरोप कोणी धाडला, हे विचारण्याची सोय मूळ संकेतात नाही. तेव्हा ती तार कारखान्याच्या भिंतींच्या आतच असे. तिच्यापाशी पोहोचलेला माणूस पहारेकऱ्याने आत सोडलेलाच असणार, असे गृहीत होते. पुढे हीच बोली इथरनेटवरून, दूरवरच्या जाळ्यांवरून जाऊ लागली. गृहीतक तेच राहिले. २०२० साली मॉडबस संघटनेने 'मास्टर-स्लेव्ह' हे शब्द टाकून 'क्लायंट-सर्व्हर' स्वीकारले. कालचा धनी आज ग्राहक झाला, इतकेच!

दूरवरच्या सर्व नियंत्रकांचे आकडे एका पडद्यावर आणणारी आणि तेथून आदेश धाडणारी व्यवस्था म्हणजे 'स्काडा'. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये मारूची येथील सांडपाणी व्यवस्था अशीच रेडिओवरून चालत असे. २००० साली, ती बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या आणि पुढे नगरपालिकेने नोकरी नाकारलेल्या एका माणसाने रेडिओसंचावरून पंपांना खोटे आदेश धाडले. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी उद्याने आणि प्रवाहांत शिरले. पंपांनी आज्ञापालनात कोणतीच कसूर केली नव्हती.

२०१० साली उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' हा याहून खोल घाव. लक्ष्य होते इराणमधील नातान्झचे युरेनियम समृद्धीकरण केंद्र. ते इंटरनेटपासून तोडलेले होते. पेनड्राइव्हसारख्या साधनांतून ही आज्ञावली आत शिरली आणि सीमेन्सच्या नियंत्रकांत जाऊन बसली. अपकेंद्रकांच्या मोटारींची १०६४ हर्ट्झच्या आसपासची वारंवारता ती मधूनच १४१० वर चढवी, मधूनच २ वर आणून टाकी. आणि पडद्यावर? आधी टिपून ठेवलेले निर्धोक आकडे. तार शाबूत, शून्य कुठेच नाही, आणि सगळे खोटे!

उपाय निघत आहेत. मॉडबसची प्रमाणपत्र मागणारी सुरक्षित आवृत्ती २०१८ मध्ये आली. पण नियंत्रक एकदा बसला की वर्षानुवर्षे निमूट चालतो, आणि चालणारे यंत्र उघडायला कोणी धजावत नाही.

२०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात हल्लेखोर थेट सुरक्षा-नियंत्रकापर्यंत पोहोचले. धोका दिसताच प्रकल्प थांबवणे, एवढेच या नियंत्रकाचे काम. 'ट्रायटन' नावाने ही घटना ओळखली जाते. त्यांची घुसवलेली आज्ञावली नियंत्रकाच्या अंतर्गत पडताळणीत जुळली नाही, आणि शंका येताच तो थांबला; प्रकल्प बंद पडला, म्हणून घुसखोरी उघडकीस आली. या नियंत्रकाला पुढच्या बाजूस एक साधी धातूची किल्ली असते. ती 'रन'वर असेल तर आज्ञावली बदलता येत नाही. 'प्रोग्रॅम'वर असेल तर येते. काम आटोपल्यावर ती 'रन'वर फिरवून काढून ठेवायची असते. त्या प्रकल्पात ती 'प्रोग्रॅम'वरच राहिली होती.