आधी हात, मग आकडा

(सहाय्यकांच्या मेळाव्यात आपल्या परिचारिका भगिनीने केलेलं भाषण)



तुमच्यापैकी अनेकांनी आमच्या दवाखान्याला शुगर तपासायची मशीन दिली. त्याबद्दल मनापासून आभार. पण आभारासोबत मला आज एक चूकही कबूल करायची आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

चैत्राचे दिवस होते. तेव्हा आमच्याकडे, नंदुरबारच्या डोंगरात, मोहाची फुलं गळतात आणि बाया पहाटेच टोपल्या घेऊन वेचायला जातात. अशीच एक मावशी फुलं वेचून थेट दवाखान्यात आली. तिला इन्सुलिन चालू होतं. "रात्रीपासून काही खाल्लं नाही, सिस्टर," म्हणाली. मी स्पिरिटचा बोळा बोटावर फिरवला, सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. आकडा आला ३४२.

मी तिला रागावले. "मावशी, खरं सांगा, काय खाल्लं?" ती गप्प बसली. इन्सुलिन वाढवायचं का, हे विचारायला मी डॉक्टरांना फोन लावणार, एवढ्यात तिने पदराला हात पुसला आणि पदर बोटांना चिकटला. मोहाच्या फुलात भरपूर साखर असते. ती साखर तिच्या बोटांवर होती. साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले, पुन्हा तपासलं. आकडा आला १३१.

त्या पहिल्या आकड्यावर डोस वाढला असता, तर पाड्यावर रात्री तिची साखर एकदम उतरली असती. तिथे फोन लागत नाही आणि गाडी मिळत नाही. मी मावशीची माफी मागितली.

मशीन जो थेंब घेतं तो जेमतेम मोहरीएवढा. त्यात बोटावरची किंचित साखर मिसळली तरी आकडा फुगतो. स्पिरिटच्या एका बोळ्याने ती पूर्ण निघत नाही. म्हणून साबण आणि पाणी, आणि नंतर हात नीट कोरडे, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होतं. सुई बोटाच्या कडेला टोचा. बोट जोरात पिळू नका. पाणी नसेलच, तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने पुसून दुसरा घ्या.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. त्यांना दमट हवा आणि ऊन सोसत नाही. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच घट्ट लावा. डबी चुलीजवळ, खिडकीत किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. उघडल्यानंतर पट्ट्या किती महिने चालतात ते डबीवर किंवा आतल्या कागदावर छापलेलं असतं, म्हणून उघडल्याची तारीख पेनाने डबीवर लिहा.

तिसरी गोष्ट रक्ताची. आमच्या भागात सिकलसेल आणि रक्तक्षय पुष्कळ. रक्त कमी असलं की बरीच मशीनं साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. सिकलसेलमध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही फसवू शकते. अशा रुग्णाने हे डॉक्टरांना सांगावं आणि मशीनचा आकडा अधूनमधून प्रयोगशाळेशी ताडून पाहावा. थोडा फरक मात्र राहणारच. २०१३च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखरेला शंभरातले किमान ९५ आकडे १५ टक्क्यांच्या आत हवेत. म्हणजे प्रयोगशाळेत १४० आली आणि मशीनवर १२५, तर घाबरू नका.

पण अंग एक सांगतं आणि मशीन दुसरंच, असं झालं तर हात धुवून पुन्हा तपासा. रुग्णाला दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर तपासणीसाठी थांबू नका. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी तपासा. ७०च्या खाली असेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

आता तुमच्याकडे एक मागणं. मशीन एकदाच लागतं, पट्ट्या रोज लागतात. पट्ट्या पाठवताना त्या त्याच मशीनच्या आहेत ना आणि मुदत शिल्लक आहे ना, हे पाहा. घरात उरलेली उघडी डबी पाठवू नका. सुया भरपूर पाठवा. एकाची सुई किंवा टोचायचं पेन दुसऱ्याला वापरलं तर काविळीसारखा आजार रक्तातून पसरतो.

ती मावशी आता दवाखान्यात आली की आधी नळावर जाते. रांगेतल्या बायांनाही हात धुवायला लावते. परवा मी घाईत सुई उचलली, तर मलाच म्हणाली, "सिस्टर, थांबा. माझे हात अजून ओले आहेत."