खुरपणीतली भाजी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज भावाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून भाजीबद्दल बोलणार आहोत. भाजीचा काय विषय, असे कुणी म्हणेल. पण हिशेब शेतीचाच आहे.

खुरपणीला गेलेली बाई संध्याकाळी रिकाम्या ओट्याने परत येत नसे. तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी असे काहीतरी ओट्यात असायचेच. या भाजीला बियाण्याचा खर्च नाही, खताचा नाही, बाजाराचा नाही. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा हीच झाडे पुस्तकात 'तण' या मथळ्याखाली होती. आता सोयाबीनवर तणनाशक फिरते आणि तणाबरोबर ओटाही रिकामा होतो. फवारणीच्या हिशेबात खुरपणीची मजुरी वाचलेली दिसते. गेलेली भाजी मात्र कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

तिची किंमत काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. नुसत्या भाजीने हे भरून निघेल असे आम्ही म्हणत नाही. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. पण रोजच्या ताटात पालेभाजी नसावी, हे शेतकऱ्याच्या घराला शोभत नाही.

वेळ नाही, अशी बहिणींची तक्रार असते आणि ती खरी आहे. म्हणून दहा मिनिटांची रीत सांगतो. तांदुळजाची कोवळी पाने आणि शेंडे आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, मग चिरा. चिरून धुतले तर सत्त्व पाण्यात जाते. लोखंडी कढईत चमचाभर तेल तापवून ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या आणि एक कांदा परता. त्यावर भाजी टाका. वरून पाणी नको, पानांना लागलेले पुरते. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटे हलवा. भाजी खाली बसली की मगच मीठ घाला, आधी घातले तर अंदाज चुकतो. मूठभर दाण्याचे कूट घाला आणि लगेच कढईतून काढा, नाहीतर काळी पडते. ताटात लिंबू पिळा. लिंबाने भाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते.

आता भावांना सांगणे. तणनाशक वापरूच नका, असे आम्ही म्हणत नाही. मजूर मिळत नाहीत, हे आम्हालाही दिसते. पण घराजवळच्या बांधाला दोन तासे फवाऱ्यातून सोडा. वारा तिकडे वाहत असेल तर त्या दिवशी पंप उचलू नका. फवारलेल्या रानातली भाजी खुडू नका. तांदुळजाची दोन-चार झाडे पक्व होऊ द्या, बी चोळून वाळूत मिसळा आणि त्याच तासांत फोका. महिन्याभरात भाजी खुडायला येते. वरून खुडली की पुन्हा फुटते.

ही दोन तासे कुठे सोडायची, हे मात्र घरातल्या बाईला विचारून ठरवा. भाजी तिला खुडायची आहे आणि रक्तही तिचेच कमी आहे.